कुरळे केस कापायला येताना विंचरून येऊ नका

पार्लरला जायचं तर पिंजारलेले केस घेऊन कसं जायचं, म्हणून बऱ्याचजणी घरी अर्धा तास केस विंचरून, वर घट्ट वेणी घालून येतात. भावना समजते. पण केस कुरळे असतील तर त्या विंचरण्यापायी तुमचा आणि आमचा तास-दीड तास जातो. प्रत्येकीला तेच सांगावं लागतं, म्हणून हे पत्रक छापून घेतलं.

कुरळे केस कापताना आम्हाला तुमची बट बघायची असते. कानामागची घट्ट वळते, मानेवरची सैल असते, टाळूवरची तिसरीच. वाळलेल्या केसांतून कंगवा फिरला की बट मोडते, केस न् केस सुटा होतो. त्यावर कात्री चालवायची म्हणजे सगळं अंदाजपंचे. मग आधी केस धुवा, कंडिशनर लावून गुंता सोडवा, पूर्ण वाळेपर्यंत थांबा. तोवर पुढच्या ताईंची वेळ उलटून गेलेली असते.

"ओलेच कापा की," असं काहीजणी म्हणतात. ओला कुरळा केस ताणून लांब दिसतो आणि वाळला की दोन-तीन इंच वर चढतो, बट घट्ट असेल तर त्याहून जास्त. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. लग्नाच्या महिनाभर आधी एका पार्लरमध्ये ते ओले ओढून कापले गेले आणि लग्नात अंबाड्याला गंगावन लावावं लागलं. म्हणून आमच्याकडे वाळलेल्या केसांवर एकेक बट धरूनच कापतो. साध्या कटपेक्षा 150 रुपये जास्त घेतो ते या वेळेचे. केस विरळ करायची कात्री मात्र कितीही आग्रह केलात तरी लावत नाही. तिने आखूड झालेले केस आतून उभे राहतात आणि थोड्याच दिवसांत केस पहिल्यापेक्षा जास्त फुगतात.

तेव्हा आदल्या दिवशी न्हाऊन, तेल न लावता, केस मोकळे ठेवून या. रबर नको, त्याची घडी पडते. रस्त्यात अवघडल्यासारखं वाटलं तर स्कूटीवर बांधतो तो स्कार्फ सैलसर गुंडाळा.

मग विंचरायचं कधी? न्हाताना, केसांवर कंडिशनर असताना, आणि फक्त तेव्हाच. डोक्यातलं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी. शांपू मुळांना, कंडिशनर मधल्या भागापासून टोकांपर्यंत. महागाचं लागत नाही, पुडीतलंही चालतं, पण हात सढळ हवा. केस बोटांना शेवाळासारखे बुळबुळीत लागले पाहिजेत. चरचरीत लागले तर अजून थोडं घ्या. मोठ्या दातांचा कंगवा आधी टोकांना, मग चार बोटं वर, मुळाशी सगळ्यात शेवटी. एकदा केस धुऊन झाले की पुढच्या न्हाण्यापर्यंत कंगवा कपाटात.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत न्हाणं बोअरच्या पाण्यावर. बादलीला जो पांढरा थर धरतो, तेच क्षार केसांवर बसतात. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या नळाच्या पाण्याचे घ्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

सोलापुरी टर्किश टॉवेलचा मला अभिमान आहे, माझ्या सासरी मागाचंच काम होतं. पण त्याच्या फासांत कुरळा केस अडकतो आणि घासला की फुगतो. जुना सुती टी-शर्ट घ्या आणि केस नुसते दाबून टिपा.

बटा बसवायला बाजारातल्या जेलऐवजी जवस वापरा. चटणीला आणतो तेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. आठ-दहा मिनिटांनी पळीवरून तार सुटायला लागते, तेव्हा लगेच उतरवा आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळा. गार झालं की फडक्यातून उतरतच नाही, बहुतेकींचं इथेच बिघडतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलंत तर लवकर वास मारतं. केस निथळत असतानाच लावा, मुठीत घेऊन खालून वर दाबा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर बटा कडक लागतील, घाबरू नका. तळव्यांवर नारळाच्या तेलाचे दोन थेंब चोळून पुन्हा मुठीत दाबा, कडकपणा जातो.

घरी करायला जमत नसेल तर दर शनिवारी आम्ही ताजं जेल करतो, छोटी बाटली 60 रुपये, रिकामी परत आणलीत तर 50. मोठ्या दातांचे कंगवेही ठेवलेत.

कुरळ्या केसांचा कट मंगळवार ते गुरुवार सकाळीच घेतो. लग्नसराईत आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आठवडाभर आधी वेळ ठरवा. विंचरून आलात तरी परत पाठवणार नाही, पण धुण्या-वाळवण्याचे 200 रुपये वेगळे पडतील आणि कट दुपारच्या मोकळ्या वेळेत होईल.