आय-लीग ३ कडे जायचंय? ठाणे-नवी मुंबईतल्या क्लबांचे अर्ज नेमके कुठे अडतात

ठाण्यात आणि नवी मुंबईत उत्तम फुटबॉल खेळणारे क्लब आहेत. तरी त्यातले काही मैदानात उतरण्याआधीच कागदांवर बाद होतात, आणि कारणं दर हंगामात तीच असतात. म्हणून ही माहिती.

देशातल्या फुटबॉल लीगच्या उतरंडीत सगळ्यात वर आयएसएल (इंडियन सुपर लीग), खाली आय-लीग, मग आय-लीग २ आणि २०२३-२४ पासून आय-लीग ३. त्याखाली राज्यांच्या लीग. आय-लीग ३ साठी क्लबचं नाव राज्य संघटनेकडूनच पुढे जातं. आपली राज्य संघटना म्हणजे विफा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. वाट लांब असली तरी बंद नाही. एससी बेंगळुरूने २०२३-२४ च्या एकाच हंगामात आय-लीग ३ आणि आय-लीग २ दोन्ही जिंकून थेट आय-लीग गाठली. आपल्या ठाणे जिल्ह्यातलाच अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब २०२२-२३ मध्ये आय-लीग २ खेळला आहे.

पहिला घोळ जिल्ह्याचा. नवी मुंबई एक शहर वाटते, पण वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. मुलं नेरूळला सराव करतात, क्लबचा नोंदणीकृत पत्ता मात्र सचिवांच्या खारघरच्या फ्लॅटचा! अशा वेळी जिल्हा कोणता धरायचा, हे संलग्नतेचा फॉर्म भरण्याआधी संघटनेकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका.

आता मुख्य अडचण. बहुतेक क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, पण मागतात तो परिशिष्ट-१ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा. तो काढला की कळतं, अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव आहे ते केव्हाच वारलेत, खजिनदार पुण्याला राहायला गेलेत आणि आज धावपळ करणाऱ्या कुणाचंच नाव त्यावर नाही. मग अर्जावर सही कुणाची चालणार? बँकही हाच प्रश्न विचारते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यायचा असतो. मुदत गेली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज द्या. सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या आणि नव्या सदस्यांची संमतीपत्रं जोडा. मागच्या काही निवडणुकांचे बदल नोंदवायचे राहिले असतील तर तेही क्रमाने नोंदवावे लागतात. तारखा पडतात, वेळ जातो. वर्षभर सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवणाऱ्या माणसाला एका उताऱ्यासाठी इतकं ताटकळत ठेवणं योग्य नाही, हे मला कुणाहीपुढे म्हणायला संकोच वाटत नाही. पण आज नियम हाच आहे. त्यामुळे लीगची घोषणा होईपर्यंत थांबू नका, याच महिन्यात उतारा काढून बघा.

मैदानाचं संमतीपत्र, पॅन, लेखापरीक्षण अहवाल, प्रशिक्षकाचं लायसन्स, फी भरल्याची पावती: हे वेळेत गोळा केलं तर सहसा त्रास होत नाही.

खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस (सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टिम) या प्रणालीवर होते. तिथे सगळ्यांत जास्त रडवतो तो जन्मदाखला. आई प्लास्टिकच्या फोल्डरमधून जपून ठेवलेला दाखला काढते आणि त्यावर ‘बाळाचे नाव’ या रकान्यात नुसती रेघ असते. बारशाआधी नोंद झाली, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. नाव नसलेल्या दाखल्यावरून तो जन्म याच मुलाचा, हे ठरत नाही. नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. त्यानंतर सरकारने मुदतवाढ दिलेली असेल तरच. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी आजच दाखला उघडून बघावा.

दुसरं म्हणजे, दाखला मिळतो तो जन्म झाला तिथून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. त्या गावची ग्रामपंचायत किंवा नगरपालिकाच तो देणार. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि ते आठवड्याभरात होणारं काम नाही.

‘आधारवर जन्मतारीख आहे की!’ हे वाक्य पालक फार विश्वासाने म्हणतात. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच स्पष्ट केलं. दाखला, शाळेची नोंद आणि आधार यांत तारीख किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर दाखला प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त करून घ्या. वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून मुलाला दूर ठेवा. हाडांच्या चाचणीत ते उघडं पडू शकतं आणि भोगावं मुलाला लागतं.

नोंदणी खिडकीची, म्हणजे खेळाडू नोंदवायच्या ठरलेल्या मुदतीची, शेवटची तारीखही चुकीची वाचली जाते. त्या रात्री अर्ज सबमिट केला म्हणजे नोंदणी झाली, असं नव्हे. त्रुटी काढून तो परत आला आणि तोवर खिडकी बंद झाली, तर पुढच्या खिडकीची वाट बघा. शिवाय खेळाडू आधीच्या क्लबच्या नावावर असेल तर त्यांनी मोकळं करायला हवं, आणि लोक फोन उचलत नाहीत ते नेमके याच दिवसांत. फिफाच्या नियमाप्रमाणे एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, अधिकृत सामने मात्र सहसा दोघांकडूनच. लेखी करार असून खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत असतील तर खेळाडू व्यावसायिक ठरतो. १८ वर्षांखालच्या मुलाचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो. पालकांनी कोऱ्या कागदावर सही करू नये आणि करार झाला की त्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.