नाटोचे विज्ञान अनुदान : दोन देशांच्या संयुक्त अर्जाची पात्रता, कागदपत्रे आणि छाननी

इटलीतील तोरिनो येथील राष्ट्रीय मापनशास्त्र संस्था आणि माल्टा विद्यापीठ यांनी सिसिली व माल्टा यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या प्रकाशतंतू केबलमधून क्वांटम पद्धतीने, म्हणजे प्रकाशकणांच्या गुणधर्मांच्या आधारे, गुप्त संदेशवहन करण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्याला नाटोच्या ‘शांतता आणि सुरक्षेसाठी विज्ञान’ या कार्यक्रमाचे पाठबळ मिळाले. आजची सांकेतिक कुलुपे उद्याचा क्वांटम संगणक उघडू शकेल, ही भीती त्यामागे होती. १९५८ मध्ये सुरू झालेल्या नाटोच्या विज्ञान कार्यक्रमाचेच हे आजचे रूप असून सायबर हल्ले, दहशतवाद, रासायनिक, जैविक व किरणोत्सारी धोके, ऊर्जासुरक्षा आणि नवी तंत्रज्ञाने हे त्याचे प्रमुख विषय आहेत.

पात्रतेची पहिली अट जोडीची आहे. प्रकल्पाला किमान दोन सहसंचालक लागतात आणि त्यांपैकी एक नाटोच्या सदस्य देशातील, तर दुसरा भागीदार देशातील, म्हणजे सदस्य नसूनही नाटोशी औपचारिक सहकार्य असलेल्या देशातील, असावा लागतो. इटली सदस्य आहे. माल्टा तटस्थ असला तरी २००८ पासून पुन्हा ‘शांततेसाठी भागीदारी’ या नाटोच्या सहकार्य योजनेत आहे, म्हणून ही जोडी बसते. फ्रान्स आणि जर्मनी मात्र दोघेही सदस्य असल्याने केवळ एकमेकांच्या बळावर अर्ज करू शकत नाहीत. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये सदस्य झाल्यामुळे, पूर्वी भागीदार म्हणून अर्जात येणाऱ्या तेथील विद्यापीठांना आता युक्रेन, मोल्दोवा, ऑस्ट्रिया, आयर्लंड किंवा स्वित्झर्लंडसारख्या भागीदार देशातील सहकारी शोधावा लागतो. त्यामुळे जुन्या अर्जाचा नमुना समोर ठेवून काम करणाऱ्यांनी देशांची ताजी यादी आधी पाहावी. भारत या यादीत नसल्याने पुण्या-मुंबईच्या संस्थेला यातील कोणतीही जागा घेता येत नाही; युरोपातील संस्थेत काम करणाऱ्या मराठी संशोधकांनी आपल्या सहभागाबद्दल कार्यक्रमाच्या कार्यालयाकडून आधीच लेखी खुलासा घेतलेला बरा.

अर्ज इंग्रजीत आणि ठरवून दिलेल्या नमुन्यातच करायचा असतो. त्यात टप्पेवार कार्ययोजना, बाबवार अंदाजपत्रक, दोन्ही संचालकांचे शैक्षणिक व संशोधनविषयक परिचय आणि प्रत्येक संस्थेच्या वाट्याचे काम स्पष्टपणे द्यावे लागते. याखेरीज संशोधनाचा अंतिम वापरकर्ता कोण, हेही सांगावे लागते, आणि माझ्या मते अर्जाचा खरा कस इथेच लागतो. ‘समाजाला उपयोग होईल’ एवढे लिहून भागत नाही. कोणते दूरसंचार नियामक, कोणते तटरक्षक दल किंवा कोणती मेट्रो यंत्रणा हे उपकरण वापरणार आणि त्याची चाचणी कुठे होणार, हे लिहावे. गर्दीतील स्फोटके व शस्त्रे टिपणाऱ्या यंत्रणेची चाचणी २०२२ मध्ये रोमच्या मेट्रो स्थानकात, खऱ्या प्रवाशांच्या वर्दळीत झाली, ती याच कार्यक्रमाखाली. असा ठिकाणा कागदावर दिसला की परीक्षकाला प्रकल्पाचा उपयोग डोळ्यांसमोर आणता येतो.

बहुवार्षिक प्रकल्प साधारण दोन ते तीन वर्षांचे असतात. अनुदानातून उपकरणे, प्रशिक्षण, प्रवास आणि तरुण संशोधकांची विद्यावेतने भागतात, मात्र संचालकांचे पगार त्यातून निघत नाहीत; ते ज्या त्या संस्थेनेच द्यायचे असतात. म्हणून अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी आपल्या लेखा विभागाशी बोलून घ्यावे. बहुवार्षिक प्रकल्पाऐवजी कार्यशाळा किंवा प्रशिक्षणवर्ग घ्यायचा असेल, तर त्यासाठी वेगळे आणि कमी मुदतीचे अनुदानप्रकार आहेत.

अर्ज आल्यावर कार्यालय आधी पात्रता आणि विषयाची सांगड तपासते. त्यानंतर स्वतंत्र शास्त्रज्ञांचा मूल्यमापन गट गुणवत्तेवर मत देतो. अखेरची मंजुरी मात्र सदस्य देशांची असते, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या उत्तम ठरलेला प्रस्तावही तिथे अडू शकतो, आणि या टप्प्यांना काही महिने लागतात हे गृहीत धरूनच कामाची सुरुवात ठरवावी. मंजुरीनंतर रक्कम एकदम हाती येत नाही. ठरावीक काळाने सादर होणाऱ्या प्रगती अहवालांवर पुढचे हप्ते अवलंबून राहतात.