एंगेजमेंट रिंग : ऐपतीची आणि प्रतिष्ठेची खूण

लग्न ठरल्याची खूण म्हणून पुरुषाने होणाऱ्या पत्नीच्या बोटात घातलेली, बहुधा एकाच ठळक हिऱ्याची अंगठी म्हणजे एंगेजमेंट रिंग. आजच्या रूपात ही रीत मुख्यतः अमेरिकेत घडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून जपान, चीन आणि भारतातल्या मोठ्या शहरांपर्यंत पोहोचली. ती प्रेमाची खूण मानली जाते आणि देणाऱ्याघेणाऱ्यांसाठी ती तशी असतेही. पण देणाऱ्याची ऐपत आणि घालणारीचे समाजातले स्थान चारचौघांत जाहीर करणे, हे कामही ती तितक्याच ठळकपणे करते. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या कामाविषयी आहे.

मराठीतला ‘वाङ्निश्चय’ हा शब्द इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. वाचेने केलेला निश्चय, असा त्याचा सरळ अर्थ. चार वडीलधाऱ्यांसमोर शब्द दिला, सुपारी फुटली, साखरेचा पुडा हाती पडला की सोयरीक पक्की. शब्द मोडला तर भावकीत मान खाली जाणार, हीच त्यामागची हमी. अमेरिकेतल्या वाढत्या शहरांमध्ये अशी भावकी हाताशी नव्हती. मुलगा नोकरीसाठी घरापासून दूर आलेला असे आणि मुलीच्या आईवडिलांना त्याचे गाव, घराणे, मागचेपुढचे काहीच ठाऊक नसे. अशा ठिकाणी शब्दाला साक्षीदार म्हणून हिरा उभा राहिला.

पूर्वपीठिका

अंगठी जुनी आहे, तिच्यातला हिरा मात्र तसा नवा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की, वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी पाठवण्याची चाल आपल्या काळातही आहे, आणि तिच्यात खडा नसतो. युरोपातल्या राजघराण्यांमधले प्रसिद्ध उदाहरण 1477 सालचे आहे. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली. त्या काळी जगाला हिरे मिळत ते जवळजवळ सगळे भारतातून, आणि तेही मोजकेच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये साठे सापडेपर्यंत हीच स्थिती होती. ज्याच्या बोटात हिरा, तो राजा किंवा सरदार. हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

1867 मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला, 1871 पासून किंबर्लीची खाण खणली जाऊ लागली आणि ही दुर्मीळता संपण्याची वेळ आली. माल मोकळेपणी बाजारात आला असता तर भाव कोसळले असते. सेसिल ऱ्होड्सने 1888 मध्ये डी बिअर्स कंपनी उभारून खाणी एका छत्राखाली आणल्या. 1929 मध्ये अर्नेस्ट ओपनहायमर अध्यक्ष झाले आणि पुढे कच्च्या हिऱ्यांच्या जागतिक विक्रीचा बहुतांश भाग एकाच दाराने होऊ लागला. किती माल सोडायचा आणि किती तिजोरीत ठेवायचा, हे त्या दाराशी ठरे. हिऱ्याच्या किमतीत निसर्गाइतकाच या तिजोरीचाही हात आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचा सगळा इतिहास अर्धवट कळतो.

मधल्या काळात घडणीतही एक बदल झाला होता. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने 1886 मध्ये सहा बारीक आकड्यांवर, म्हणजे धातूच्या नख्यांवर, हिरा उचलून धरणारी अंगठी बाजारात आणली. तोवरच्या कोंदणात खडा सोन्यात बुडालेला असे. आता तो वर आला, त्याला खालूनही उजेड मिळू लागला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसू लागला. ऐपत दाखवणाऱ्या वस्तूला आधी दिसावे लागते. त्या दृष्टीने या नख्या फार महत्त्वाच्या आहेत.

जाहिरात आणि ‘दोन पगार’

महामंदीत अमेरिकेतली हिऱ्यांची मागणी आणि भाव दोन्ही खचले. 1938 मध्ये अर्नेस्ट यांचे पुत्र हॅरी ओपनहायमर न्यूयॉर्कला गेले आणि एन. डब्ल्यू. एअर या जाहिरातसंस्थेकडे काम सोपवले. मक्तेदारीविरोधी कायद्यांमुळे डी बिअर्सला अमेरिकेत थेट व्यापार करता येत नव्हता. म्हणून जाहिरात कुठल्याही दुकानाची वा छापाची नव्हती, ती ‘हिरा’ या कल्पनेचीच होती. सिनेनटांनी आपल्या प्रेयसींना कोणते हिरे दिले, ते केवढे मोठे होते, अशा बातम्या आणि छायाचित्रे वर्तमानपत्रांना पुरवली जात. शाळांमधल्या मुलींसमोर हिऱ्याच्या अंगठीवर भाषणे देण्यासाठी माणसे पाठवली जात. 1947 मध्ये याच संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’, म्हणजे हिरा कायमचा, ही ओळ लिहिली. त्या स्वतः अविवाहित राहिल्या. या ओळीत भावना आहे तशी व्यापाराची एक गरजही आहे. अंगठी कायमची म्हटली की ती विकायची नसते, आणि घरोघरचे जुने हिरे बाजारात परत येत नाहीत.

तरीही सगळे श्रेय जाहिरातीला देणे बरोबर होणार नाही. कायद्याच्या अभ्यासक मार्गारेट ब्रिनिग यांनी 1990 मध्ये एका वेगळ्या कारणाकडे लक्ष वेधले. अमेरिकेत पूर्वी लग्नाचे वचन मोडणाऱ्या पुरुषावर मुलीला नुकसानभरपाईचा दावा लावता येत असे. ठरलेले लग्न मोडले तर त्या काळी मुलीची अब्रू आणि पुढचे स्थळ दोन्ही पणाला लागत. 1935 मध्ये इंडियाना राज्याने हा दावा रद्द केला आणि पुढच्या दहाएक वर्षांत बरीच राज्ये त्या वाटेने गेली. हिऱ्याच्या अंगठ्यांची मागणी चढू लागली ती 1935 च्या सुमारास, म्हणजे एअरच्या मोहिमेआधीच. कोर्टाची हमी गेली तेव्हा मुलीच्या हाती अनामत म्हणून महागडी वस्तू आली, असे ब्रिनिग यांचे म्हणणे. मला हा युक्तिवाद पटतो, कारण त्यात मुलीची अडचण खरी मानलेली आहे. तिला नुसती दागिन्यांची हौशी ठरवलेले नाही.

किमतीचा दंडकही जाहिरातीनेच घालून दिला. सुरुवातीला एका महिन्याचा पगार, 1980 च्या दशकात अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन महिन्यांचा. हे माप डॉलरमध्ये सांगितले असते तर गरिबाने त्याकडे पाठ फिरवली असती आणि श्रीमंताला ते किरकोळ वाटले असते. पगारात सांगितल्यामुळे ते प्रत्येकाच्या खिशाला सारखेच झोंबते, आणि अंगठी पाहून पगाराचा अंदाज बांधण्याची सोय आपोआप होते. जपानमध्ये 1967 मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा शंभरातल्या पाचही वधूंकडे हिऱ्याची अंगठी नव्हती. 1981 पर्यंत सुमारे 60 टक्के वधूंच्या बोटात ती आली. ज्या देशात ‘युइनो’ हा दोन घराण्यांनी भेटवस्तू देण्याघेण्याचा स्वतंत्र विधी होता, तिथे एका पिढीच्या आत हे घडले.

किंमत काय बोलते

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन वेब्लेन यांनी 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली : काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत, तर आपल्याला इतका खर्च झेपतो हे दाखवण्यासाठी घेतल्या जातात. 1973 मध्ये मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजाराचे उदाहरण घेऊन संकेताचा सिद्धान्त मांडला. 2001 च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. ज्याच्यापाशी गुण नाही त्याला परवडणार नाही असाच संकेत विश्वासार्ह ठरतो, हे त्याचे सार. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य कोणीही फुकट म्हणू शकतो. दोन पगार खर्चून ते दहा जणींना म्हणता येत नाही.

इथे सोने आणि हिरा यांच्यातला फरक निर्णायक आहे, आणि तो मराठी घरांना सांगावा लागत नाही. सोने मोडता येते. घडणावळ आणि घट वजा जाता त्या दिवसाच्या भावाने पैसे हाती येतात. म्हणूनच पाटल्या आणि गोठ अडीअडचणीला सावकारापासून वाचवत आले. हिऱ्याचे तसे नाही. दोन खडे तंतोतंत सारखे नसतात, दुकानदाराचा नफा किमतीत बसलेला असतो, आणि परत विकायला गेले की दिलेल्या किमतीच्या निम्मेही हाती येतील याची खात्री नसते. सोन्याचा दागिना घालणाऱ्या बाईची बचत असतो. हिऱ्याच्या अंगठीतला पैसा बहुतांशी गेलेलाच असतो, आणि संकेताच्या भाषेत हे गेलेलेपणच तिचे बळ ठरते. महाराष्ट्रातल्या शहरी साखरपुड्यांत आता दोन्ही बाजूंनी अंगठ्यांची देवाणघेवाण होते आणि ‘सॉलिटेअर’ (एकाच हिऱ्याची अंगठी) हा शब्द सर्रास ऐकू येतो. मात्र इथे खर्च अनेकदा दोन्ही घरे उचलतात, त्यामुळे अंगठी एका तरुणाच्या पगारापेक्षा घरांच्या ऐपतीविषयी अधिक बोलते.

हा संकेत लोकांना वाचता यावा म्हणून मापेही लागली. 1931 मध्ये स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेने 1950 च्या दशकात रंग, नितळपणा, पैलूंची घडण आणि वजन या चार कसोट्यांची श्रेणीपद्धत रूढ केली. कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. रंग ‘डी’ या अक्षरापासून ‘झेड’पर्यंत मोजतात. यातले वजन तेवढे लांबून कळते, बाकीच्यांसाठी जाणकाराचे भिंग लागते. म्हणून दाखवण्यासाठी घेणारा वजनाकडे झुकतो. किंमत वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, उड्या घेत वाढते. एक कॅरटला किंचित कमी असलेला खडा आणि पुरा एक कॅरटचा खडा डोळ्यांना सारखेच दिसतात, पण दुसऱ्यासाठी स्पष्टपणे जास्त मोजावे लागतात. तो जास्तीचा पैसा ‘एक कॅरट’ हे दोन शब्द उच्चारता येण्यासाठी असतो.

उच्चभ्रूंमध्ये मात्र आकार हीच एक भाषा नाही. मोनॅकोचे राजे रेनिए यांनी 1956 मध्ये अभिनेत्री ग्रेस केली यांना दिलेला कार्तिए पेढीचा हिरा 10.47 कॅरटचा होता. एका छोट्या संस्थानाने जगाला दिलेली ती ग्वाही होती. याउलट 1947 मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या अंगठीतले हिरे फिलिप यांच्या आईच्या शिरोभूषणातून काढलेले होते. ते विकत घेता येण्याजोगे नव्हते, आणि तोच त्यांचा मान होता. 1981 मध्ये डायना स्पेन्सर यांनी गॅरार्ड पेढीच्या संग्रहातली श्रीलंकेच्या नीलमण्याची अंगठी निवडली तेव्हा, ही तर कोणीही पैसे टाकून घेऊ शकतो, अशी कुजबुज झाली. 2010 मध्ये तीच अंगठी डायना यांच्या मुलाच्या वाग्दत्त वधू केट मिडलटन यांच्या बोटात आली आणि ती वारसा ठरली.

ओझे

अमेरिकेत लग्न ठरल्याचे कळले की कार्यालयातल्या मैत्रिणी आधी हात पाहायला मागतात. ही पाहणी प्रेमळ असते, तरी तिच्यात तोलणे असते, आणि त्या क्षणाच्या धास्तीने पंचविशीतला मुलगा कर्ज काढतो. ऋण काढून सण करू नये हे आपण मुलांना सांगतो. या सणाचे ऋण मात्र संसाराच्या पहिल्याच पायरीवर बसते. अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालोन या एमोरी विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे 3,000 विवाहित वा घटस्फोटित लोकांची माहिती तपासली. 2,000 ते 4,000 डॉलरची अंगठी देणाऱ्या पुरुषांत घटस्फोटाचा धोका 500 ते 2,000 डॉलर खर्चणाऱ्यांच्या 1.3 पट आढळला. महाग अंगठीने लग्न मोडते असे यावरून सिद्ध होत नाही. पण महाग अंगठीने लग्न टिकते हा जाहिरातीतला सूर त्यांच्या आकड्यांत कुठेच सापडला नाही. ली क्रॉन्क आणि ब्रिया डनहॅम यांच्या 2007 च्या अभ्यासात पुरुषाची आणि स्त्रीची मिळकत जास्त असेल तर अंगठी महाग, आणि वधूचे वय वाढेल तशी अंगठी स्वस्त, असे दिसले. वयाचा हा हिशेब वाचून वाईट वाटते, आणि तो नोंदवायलाच हवा.

ठरलेले मोडले तर अंगठी कोणाची? अमेरिकेतली बहुतेक राज्ये तिला सशर्त भेट मानतात : लग्न हीच अट, ती पुरी झाली नाही तर अंगठी परत. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये चूक कोणाची हे न पाहता परतीचा नियम स्वीकारला. मॅसॅच्युसेट्समध्ये 1959 पासून दोष पाहण्याची रीत होती. 2024 मध्ये 70,000 डॉलरच्या एका अंगठीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. चूक पुरुषाची असली तरी अंगठी परत द्यावी लागत असल्याने, ब्रिनिग यांनी सांगितलेले तिचे अनामतीचे काम तिथे बरेचसे संपते.

प्रयोगशाळेतला हिरा

जगातले बहुतांश हिरे पैलू पाडण्यासाठी सुरतेत येतात आणि त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईत आहे. पूर्वी ते ऑपेरा हाउस भागात होते. 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये आले. न्यूयॉर्कच्या दुकानात झळकणारा खडा बहुधा सुरतेच्या एखाद्या रत्नकलाकाराच्या घंटीवरून, म्हणजे पैलू पाडण्याच्या चाकावरून, उतरलेला असतो. खुद्द त्याच्या घरात तसा खडा क्वचितच असेल.

याच सुरतेत आता यंत्रात वाढवलेले हिरेही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत 1954 मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला होता, पण दागिन्यांच्या बाजारात त्याचा पूर आला तो गेल्या दहा वर्षांत. रासायनिकदृष्ट्या तो हिराच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला. त्याच वर्षी डी बिअर्सने लाइटबॉक्स या नावाने असे हिरे 800 डॉलर प्रतिकॅरट दराने विकायला काढले, ते हौशीचे दागिने म्हणून, एंगेजमेंटसाठी नव्हे. भाव घसरत गेले आणि 2025 मध्ये कंपनीने हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी मात्र हौस आणि एंगेजमेंट यांच्यातली ती सीमारेषा मानली नाही. शिक्षिका, परिचारिका, नुकते नोकरीला लागलेले अभियंते दोन कॅरटचा खडा घेऊ लागले, आणि मोठा आकार म्हणजे मोठी ऐपत हे समीकरण सैल झाले.

श्रीमंतांचा कल त्यानंतर हाताने पैलू पाडलेल्या जुन्या हिऱ्यांकडे, रंगीत हिऱ्यांकडे आणि घराण्यातून आलेल्या अंगठ्यांकडे वळताना दिसतो. खाणीतला आणि यंत्रातला हिरा नुसत्या डोळ्यांना, साध्या भिंगाखालीही, वेगळा ओळखता येत नाही; त्यासाठी खास उपकरण लागते. त्यामुळे दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती खड्याबरोबर प्रमाणपत्र देतो आणि खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला बारीकसा क्रमांक भिंगातून त्या कागदाशी जुळवून दाखवतो.