गढूळपणा, धणे आणि संत्र्याची साल : बेल्जियन विटबिअरची पार्श्वभूमी

गोव्यात आणि आता सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही सुरमईच्या तुकडीबरोबर बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर मागवणारे लोक दिसतात. ही बिअर, म्हणजेच विटबिअर, ग्लासात ओतली की फिकट पिवळी आणि गढूळ दिसते. वर पांढरा, दाट फेस धरतो. नाकाला आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, त्यामागून धण्यांचा, आणि यीस्टमुळे येणारी लवंग-मिऱ्याची पुसटशी छटा शेवटी जाणवते. घोट जिभेवर मऊ लागतो, किंचित आंबट असतो, कडवटपणा जेमतेम असतो आणि शेवट कोरडा होतो. या चवीतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे, आणि तो माहीत असला की चव अधिक स्पष्ट कळते, असे माझे ठाम मत आहे.

या बिअरचे मूळ गाव हूगार्डन. ते आजच्या बेल्जियममध्ये, ल्यूव्हेन शहराच्या पूर्वेस आहे. तेथील बिअर बनवण्याची परंपरा १४४५ पासूनची सांगितली जाते. चारही बाजूंना ब्राबांटच्या ड्यूकचा मुलूख असताना हे गाव मात्र लिएजच्या बिशपच्या सत्तेखाली होते. त्यामुळे ब्राबांटचे कर त्याला लागू होत नसत आणि हूगार्डनच्या बिअर-व्यवसायाला शेजाऱ्यांपेक्षा मोकळीक मिळाली. भोवतालची जमीन गव्हाची होती. मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर साधारण निम्मा कच्चा गहू घालायची पद्धत इथली, आणि कच्च्या गव्हातील प्रथिने व तळाशी राहिलेले यीस्ट यांमुळेच ही बिअर गढूळ राहते. तो दोष नाही. बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी यांखेरीज काही घालण्यास मनाई केली होती. हूगार्डन त्या फर्मानाच्या कक्षेबाहेर असल्यामुळे तिथे गहूही टिकला आणि मसालाही.

हॉप्स रूढ होण्यापूर्वी युरोपच्या त्या भागात बिअरला वनस्पतींचे मिश्रण लावत, आणि ते विकण्याचा हक्क सत्ताधीशांकडे असे. संत्र्याची साल मात्र समुद्रमार्गे आली. १६३४ साली डचांनी कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेट स्पेनकडून जिंकले. स्पॅनिश लोकांनी तिथे लावलेली गोड संत्री कोरड्या जमिनीत कडू आणि खाण्यास अयोग्य झाली होती, पण त्यांच्या सालीला विलक्षण सुगंध होता. त्याच सुमारास डचांनी आपल्या वेंगुर्ल्यातही वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. पूर्वेचा आणि पश्चिमेचा व्यापार पाहणाऱ्या त्यांच्या कंपन्या वेगवेगळ्या होत्या, हे खरे. तरीही कुरासावची साल आणि कोकणपट्टीचा माल ज्या व्यापारी जाळ्यातून युरोपात पोचत होता, ते जाळे एकाच देशाचे होते.

जुनी विटबिअर आजच्यापेक्षा बरीच आंबट होती. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तिच्यात वाढत, म्हणून ती ताजी असतानाच संपवावी लागे. सकाळी गोड असलेली माडी दुपारपर्यंत आंबट होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकात हूगार्डनमध्ये १३ ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवणारे कारखाने, होत्या. पुढे स्वच्छ, सोनेरी, थंड साठवणीत टिकणारी पिल्सनर बिअर सर्वत्र पसरली आणि एकेक करून त्या बंद पडल्या. शेवटची, टॉमसिन नावाची, १९५७ मध्ये बंद झाली. काही वर्षे ही बिअर अस्तित्वातच नव्हती. तिला परत आणले ते पिएर सेलिस या दूधविक्रेत्याने. टॉमसिनची ब्रुअरी त्याच्या घराशेजारीच होती आणि तरुणपणी त्याने तिथे काम केले होते. गावातले वृद्ध त्या बिअरची आठवण काढत. १९६६ च्या सुमारास जुनी यंत्रे जमवून त्याने पुन्हा उत्पादन सुरू केले. गहू, बार्ली, धणे आणि कडू संत्र्याची साल ही आज जगभर प्रमाण मानली जाणारी जुळणी त्याच्या हातून रूढ झाली. म्हणूनच आपण जी चव पाचशे वर्षांची म्हणून चाखतो, तिचे आजचे रूप मुख्यतः एका माणसाच्या आठवणीवर उभे आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट, बंद पडलेली चव केवळ जिभेच्या स्मरणावर पुन्हा उभी करणे हे मला मोठे काम वाटते.

१९८५ मध्ये सेलिसच्या ब्रुअरीला आग लागली. विम्याची रक्कम अपुरी पडली आणि मोठ्या कंपनीचे भांडवल घ्यावे लागले. पुढे त्याने आपला वाटा विकला आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे नवी ब्रुअरी सुरू केली. त्या ब्रुअरीमुळे ही शैली अमेरिकेत रुजली. २०११ मध्ये त्याचे निधन झाले. दरम्यान २००५ साली हूगार्डन बिअरचे उत्पादन गावाबाहेर हलवण्याचा निर्णय तिच्या मालक कंपनीने जाहीर केला होता. गावकऱ्यांनी निदर्शने केली आणि २००७ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला.

भारतात पुण्यातील डूलाली या मायक्रोब्रुअरीने २००९ पासून ताजी बिअर ग्राहकांपुढे ठेवली. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ या भारतीय ब्रँडची ‘व्हाइट’ बिअर सुरुवातीला बेल्जियममध्येच बनत असे. किनाऱ्यावरच्या उष्ण, दमट हवेत या शैलीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. बाटली उन्हात किंवा गरम गोदामात राहिली की आधी सालीचा वास उडतो आणि मागे धण्यांची साबणासारखी चव उरते. म्हणून बाटलीवरची तारीख पाहून घ्यावी. बर्फासारखी गार पिऊ नये, कारण फार थंडीत धण्यांचा वास दबतो. आधी दोन-तृतीयांश बिअर ओतावी, मग बाटली हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट उरलेल्या बिअरसह वरून ओतावे. धणे आपल्या मालवणी मसाल्यातही असतात. मात्र तिथे ते भाजलेले असतात आणि इथे कच्चे कुटून धान्याच्या उकळत्या रसात शेवटी टाकतात, त्यामुळे त्यांची लिंबासारखी बाजू पुढे येते. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर हा फरक पहिल्या दोन घोटांतच लक्षात येतो.