लंडन–पॅरिस : अंतर आणि उड्डाणकाळ

लंडन ही युनायटेड किंगडमची आणि पॅरिस ही फ्रान्सची राजधानी. या दोन शहरांच्या मध्यवर्ती भागांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर, सुमारे ३४४ किलोमीटर आहे. विमाने मात्र शहराच्या मध्यातून उडत नाहीत. लंडनच्या पश्चिमेचा हीथ्रो आणि पॅरिसच्या ईशान्येचा शार्ल द गोल या विमानतळांमधील अंतर सुमारे ३४७ किलोमीटर भरते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर २६ मिनिटांत कापले जाईल, असा हिशेब कागदावर मांडता येतो. पण प्रत्यक्षात वेळापत्रकात साधारण सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो. वेळापत्रकातला हा काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची चाल, उड्डाणाच्या परवानगीची वाट आणि उतरल्यानंतरची चाल हे सारे त्यात येते. शिवाय इतक्या छोट्या मार्गाचा मोठा भाग उंची गाठण्यात आणि पुन्हा खाली येण्यात जातो. पूर्ण वेगाने सरळ उडण्यास फार थोडा अवधी मिळतो. म्हणून अशा मार्गांवर केवळ अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणे हमखास चुकते.

पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. सकाळी १० वाजता लंडनहून निघालेले विमान एक तास वीस मिनिटांनी पॅरिसला पोहोचते तेव्हा तेथे १२ वाजून २० मिनिटे झालेली असतात. उलट पॅरिसहून १ वाजता निघालेले विमान तेवढाच वेळ घेऊनही लंडनच्या घड्याळाप्रमाणे १ वाजून २० मिनिटांनी उतरते. तिकिटावर स्थानिक वेळाच छापल्या जात असल्याने प्रवासाची खरी लांबी काढताना हा फरक धरावाच लागतो.

नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात या मार्गाचे स्थान फार मोठे आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथहून पॅरिसच्या ल बूर्जेकडे दैनंदिन आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. त्या विमानात एकच प्रवासी होता, सोबत वर्तमानपत्रे, चामडे आणि खाद्यपदार्थ असा माल होता, आणि प्रवासाला सुमारे अडीच तास लागले. वैमानिक तेव्हा खालचे रस्ते आणि रेल्वेमार्ग पाहून दिशा ठरवीत. ७ एप्रिल १९२२ रोजी याच मार्गावर धुक्यात समोरासमोरून आलेली दोन विमाने उत्तर फ्रान्समधील पिकार्डीच्या आकाशात एकमेकांवर आदळली आणि सातही जण मरण पावले. प्रवासी विमानांची हवेतील ही पहिली टक्कर मानली जाते.

आज या मार्गावरील विमानांची खरी स्पर्धा रेल्वेशी आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडीखालून जाणारा ५० किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा मे १९९४ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोस्टार गाडी सुरू झाली. सुरुवातीला या प्रवासाला सुमारे तीन तास लागत. २००७ मध्ये इंग्लंडमधील द्रुतगती रेल्वेमार्ग पूर्ण होऊन गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून सुटू लागल्यावर हा वेळ सुमारे सव्वादोन तासांवर आला. रेल्वेमार्ग जवळपास ४९० किलोमीटरचा, म्हणजे हवाई मार्गापेक्षा बराच लांब आहे. तरी गाडी शहराच्या मध्यातून सुटून थेट गार द्यू नोर या पॅरिसमधील स्थानकात पोहोचते, तर विमानाच्या प्रवाशाला दोन्ही टोकांना विमानतळ गाठण्याचा आणि सोडण्याचा वेळ वेगळा मोजावा लागतो. अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येईल अशा काही अंतर्गत मार्गांवरील विमानसेवा फ्रान्सने २०२३ मध्ये बंद केल्या. तो नियम देशांतर्गत उड्डाणांपुरताच असल्याने लंडन–पॅरिस विमाने त्याच्या कक्षेत येत नाहीत.