पितळी बुद्धमूर्ती : प्रतीके आणि निगा

तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूत घडवलेल्या बुद्ध, बोधिसत्त्व, तारा इत्यादींच्या मूर्ती. संस्कृतात पितळेला रीती, आरकूट, पित्तल अशी नावे आहेत. संग्रहालयांतल्या पाट्यांवर मात्र तांब्याच्या बहुतेक मिश्रधातूंना सरसकट ‘कांस्य’ म्हणण्याची सवय पडली आहे. खऱ्या कांस्यात तांब्याबरोबर कथील असते, पितळेत जस्त. नुसत्या डोळ्यांना हा फरक दरवेळी कळत नाही, पण निगा राखताना तो महत्त्वाचा ठरतो, कारण आंबट पदार्थ पितळेतल्या जस्तावर आधी हल्ला करतो.

पितळेची मूर्ती ओतणे पूर्वी सोपे नव्हते. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते, म्हणजे वितळलेल्या तांब्यात जस्त टाकले की ते वाफ होऊन उडून जाणार. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ तांब्यातच मुरत असे. या रीतीने पितळेत साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जस्त चढते. त्याहून जास्त जस्त हवे तर धातुरूप जस्त हाताशी लागते. ते राजस्थानातील झावर येथे ऊर्ध्वपातनाने काढले जाई. त्यामुळे ‘आठव्या शतकातील’ म्हणून दाखवलेल्या मूर्तीत ३५ टक्के जस्त निघाले, तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

घडवण्याची जुनी पद्धत मेणसाच्याची. मेण आणि राळ यांची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि पोकळीत रस ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढावी लागते, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या विधीचे वर्णन आहे. नेपाळमध्ये पाटणचे शाक्य कारागीर आजही असेच काम करतात. मुरादाबादहून येणाऱ्या बाजारी मूर्ती बहुतांशी वाळूच्या साच्यातल्या असतात. त्यांच्या कडेने, कानामागून खांद्यापर्यंत, सांध्याची बारीक रेघ बोटाला लागते.

पितळेवर खरे प्रेम केले ते काश्मीर, गिलगिट आणि स्वात या पट्ट्याने. सातव्या ते अकराव्या शतकांतल्या तिथल्या मूर्ती फिकट सोनेरी असतात. डोळ्यांत चांदी जडवलेली, ओठांवर तांब्याचा पत्रा. अंधाऱ्या गाभाऱ्यात तुपाच्या दिव्यापुढे ते चांदीचे डोळे तेवढे चमकत असणार. रिन्छेन झांगपो (९५८–१०५५) या भाषांतरकार भिक्षूने काश्मिरी कारागीर पश्चिम तिबेटात नेले, आणि त्यांच्या हातची शैलीही तिकडे रुजली. तिबेटमध्ये पुजल्या गेलेल्या अशा कित्येक मूर्तींच्या चेहऱ्यावर सोन्याचा लेप आणि केसांवर निळा रंग दिसतो. तो मूळ कारागिराचा नाही, नंतरच्या भक्तांनी चढवलेला आहे. नेपाळच्या नेवार कारागिरांनी मात्र पितळेपेक्षा तांबे पसंत केले, कारण तांब्यावर पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा चांगला बसतो.

महाराष्ट्रात बौद्ध धातुमूर्ती थोड्या सापडल्या, पण सापडल्या त्या मोलाच्या. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत अवशेषांच्या करंड्याभोवती आठ लहान धातुमूर्ती बसवलेल्या होत्या : सात मानुषी (माणूस म्हणून जन्मलेले) बुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. या मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. रामटेकजवळ हमलापुरी येथे आणि सीमेपलीकडे बऱ्हाणपूर भागातील फोफनार येथे मिळालेल्या बुद्धमूर्ती वाकाटक काळाच्या आसपासच्या मानल्या जातात. अजिंठ्याच्या चित्रांतले अंगाला बिलगलेले पातळ चीवर (भिक्षूचे वस्त्र) त्यांच्यावरही आहे.

मूर्ती वाचायची ती हातांपासून. उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकलेला असेल तर ती भूमिस्पर्श मुद्रा : बोधगयेला मार या मोहात पाडणाऱ्या शत्रूने आसनावरचा हक्क विचारला, तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षीला बोलावले तो क्षण. दोन्ही तळहात मांडीत एकावर एक म्हणजे ध्यान. छातीशी दोन्ही हातांची बोटे जुळवून चक्र फिरवल्यासारखी ठेवली की धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे सारनाथचा पहिला उपदेश. उभारलेला तळहात अभय, खाली सोडलेला उघडा तळहात वरद. वज्रयानात, म्हणजे तांत्रिक बौद्ध परंपरेत, याच मुद्रा पाच ध्यानी बुद्धांनाही वाटून दिल्या आहेत. भूमिस्पर्श अक्षोभ्याची, ध्यान अमिताभाची, वरद रत्नसंभवाची, अभय अमोघसिद्धीची आणि धर्मचक्र वैरोचनाची. म्हणून नुसती मुद्रा पाहून ‘हे शाक्यमुनी’ असे ठरवता येत नाही. आसनावर वज्र आहे का, हेही पाहावे लागते. उजव्या हातात हिरडा असेल तर ती भैषज्यगुरूची, म्हणजे वैद्यरूपातल्या बुद्धाची मूर्ती. आजीबाईच्या बटव्यातले हे फळ तिबेटी वैद्यकातही अग्रपूजेचे आहे.

डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, भुवयांमधला ठिपका ऊर्णा. या दोन्ही ३२ महापुरुषलक्षणांपैकी आहेत. ऊर्णा म्हणजे टिळा नव्हे, तो उजवीकडे वळलेल्या पांढऱ्या केसांचा भोवरा आहे. लांबलेल्या कानाच्या पाळ्या राजवाड्यातल्या जड कुंडलांची खूण समजल्या जातात. कुंडले गेली, पाळ्या तशाच राहिल्या. आपल्याकडे दुकानात ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून मिळणारा ढेरपोट्या हसरा बाबा गौतम बुद्ध नव्हे. तो चीनमधला दहाव्या शतकातला बुदाई नावाचा झोळीवाला भिक्षू, पुढे मैत्रेयाचा अवतार मानला गेलेला. पोटावरून हात फिरवला की पैसा येतो ही समजूत बाजाराची आहे.

थेरवादी परंपरेत पूज्य वस्तूंचे तीन वर्ग केले जातात : सारीरिक म्हणजे अस्थी, पारिभोगिक म्हणजे बुद्धाने वापरलेल्या वस्तू किंवा बोधिवृक्ष, आणि उद्देसिक म्हणजे त्यांची आठवण करून देणारी प्रतिमा. मूर्ती तिसऱ्या वर्गात येते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या लाखो घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बुद्धमूर्ती आली ती याच अर्थाने. तिच्यात प्राणप्रतिष्ठा नाही, नैवेद्य नाही. मेणबत्ती, अगरबत्ती, फुले आणि त्रिसरण-पंचशील. तिबेटी-नेपाळी रीत वेगळी. तिथे पोकळ मूर्तीच्या पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी लाकूड भरतात आणि बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून ती बंद करतात. त्या पत्र्यावर बहुधा विश्ववज्र कोरलेले असते. कुतूहलापोटी हा पत्रा उचकटला की मूर्ती रिकामी झाली असे मानतात. तिला पाण्यात बुडवूही नये, आतला कागद कुजतो.

निगेचा प्रश्न मराठी घरात सुरू होतो तो समईच्या चालीने. सणाच्या आदल्या दिवशी समई, तांब्या, निरांजन यांच्याबरोबर मूर्तीही चिंचेच्या कोळात पडते, वर राखुंडी, काथ्याने घासणे, आणि लख्ख झाली की समाधान. समईला हे चालते. वीतभर मूर्तीला ते सोसत नाही. दहा-पंधरा वैशाख पौर्णिमांनंतर नाकाचा शेंडा सपाट होतो, ऊर्णेचा ठिपका जातो, चीवराच्या चुण्या पुसट होतात, आणि उरते एक गुळगुळीत पिवळी बाहुली. चिंच, लिंबू, कोकम यांचे आम्ल फार वेळ राहिले तर पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि तांब्याचे गुलाबी डाग उमटतात. ते पुन्हा पिवळे होत नाहीत, वरून पॉलिश केले तरी खालून डोकावतात.

पितळ काळवंडते ते हवेतल्या गंधकामुळे आणि हाताच्या घामामुळे. हा तपकिरी थर पातळ आणि घट्ट असेल तर तो धातूला काही अंशी झाकूनच ठेवतो, त्याला मळ समजू नये. हिरवे जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, निराळे. पितळी भांड्यात ताक कळकते ते याच जातीच्या क्षारांमुळे. कोकण आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत फिकट हिरवी पूड भुरभुरत राहिली, पुसली तरी पुन्हा आली, तर धातूत क्लोराइड शिरले आहे असे समजावे. अशी मूर्ती इतर मूर्तींपासून दूर, कोरड्या जागी ठेवून जाणत्याकडे न्यावी.

रोजच्यासाठी मऊ सुती फडके आणि खाचांत कोरडा रंगाचा ब्रश पुरतो. मेणबत्तीचे ओघळ नखाने किंवा सुरीने खरवडू नयेत, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मऊ करून उचलावेत. अगरबत्तीचा चिकट काळपटपणा साबणाच्या सौम्य पाण्याने जातो, मात्र लगेच कोरडे पुसणे आलेच. नव्या मूर्तींवर बहुधा पारदर्शक लाखेचा थर असतो. तो असेपर्यंत चिंच किंवा पॉलिशची पूड लावूच नये, नाहीतर थर ठिकठिकाणी उडून मूर्ती चट्ट्यापट्ट्यांची दिसते. मुलामा किंवा रंग असलेल्या मूर्तीला फक्त ब्रश. संग्रहालयांत तर हातमोजे घालून काम करतात आणि शेवटी मेणाचा अतिपातळ थर देतात.

वाहिलेली फुले संध्याकाळी काढावीत. ओल्या पाकळ्यांखाली कमळासनावर हिरवे कडे पडते. पुष्पपूजेच्या पाली गाथेतच ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे’ म्हटले आहे, हे फूल जसे कोमेजते तसा हा देहही. कोमेजलेले फूल मूर्तीवर ठेवून देण्याचे कारण त्यात कुठे नाही.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती घरात असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते आणि ती परदेशी नेता येत नाही. अशा मूर्तीला घासूनपुसून नोंदणीला नेणे म्हणजे पुरावा धुऊन नेणे. उलट बाजारात नव्या मूर्तीला रसायनाने हिरवे करून जुनी म्हणून खपवतात. तो रंग सगळीकडे सारखा असतो. खरी जुनी मूर्ती गुडघ्यांवर, पावलांवर, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला तिथे उजळ असते आणि कानामागे काळी.