देवळासाठी, मंडळासाठी साउंड घेताना आणि वापरताना

देवस्थान ट्रस्ट, भजनी मंडळं, गणेश मंडळं, शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

"किती वॅटचं मशीन (म्हणजे अँप्लिफायर) घेऊ?" हा प्रश्न घेऊनच बहुतेक मंडळी दुकानात येतात. त्याआधी आम्हाला तीन गोष्टी सांगा: सभामंडपाची लांबी-रुंदी, वर स्लॅब आहे की पत्रा, आणि मशीनपासून सगळ्यात लांबचा स्पीकर किती फुटांवर बसणार. मोबाइलवर चारी बाजूंचे फोटो काढून आणलेत तर फारच बरं. वॅटचा हिशेब शेवटी, पाच मिनिटांत होतो.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. '५००० वॅट' असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक 'पीएमपीओ' (क्षणभराच्या शिखराचा आकडा) असेल, तर त्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. 'आरएमएस', म्हणजे सलग मिळणारे वॅट, किती ते विचारा. तेही लिहिलेलं नसेल तर मशीन उलटं करून मागची पाटी वाचा. जे मशीन २३० व्होल्टवर १ अँपिअर घेतं, त्याच्या पोटात २३० वॅटच जातात आणि त्यातलेही बरेच उष्णतेत जातात. ते सलग ५०० वॅट बाहेर कुठून काढणार?

दुसरं असं, की वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो ३ डेसिबलने (आवाज मोजायचं एकक) वाढतो. कानाला 'जरा वाढवलं वाटतं' एवढंच जाणवतं. उलट मोकळ्या जागेत ऐकणारा स्पीकरपासून दुप्पट लांब गेला की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून पुढे दोन धिप्पाड पेट्या उभ्या करण्यापेक्षा लहान स्पीकर लोकांच्या जवळ लावलेले परवडतात. ४० बाय ६० फुटांच्या, स्लॅब आणि फरशी असलेल्या मंडपाला २० वॅटचे चार कॉलम (उभ्या, लांबट पेटीतले) स्पीकर खांबांवर लावले की प्रवचनाचा शब्द न् शब्द कळतो. कॉलम जमिनीपासून साधारण ८ फुटांवर, तोंड किंचित खाली, बसलेल्या माणसांच्या डोक्यांकडे. छताकडे किंवा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड केलं की आवाज घुमतो. मशीनवरचं 'एको'चं बटण अशा मंडपात शून्यावरच राहू द्या. बुवांनी मागितला तर थोडा द्या, पण मागे बसलेल्या आजींना काही कळत नसेल तर दोष आमच्या कॉलमला देऊ नका!

मशीनच्या मागचे स्क्रू

सर्वाधिक मशीन इथे जळतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. मागे ओळीने खुणा असतात: कॉमन, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. एक वायर नेहमी कॉमनवर. दुसरी कुठे लावायची ते स्पीकर कसे जोडलेत यावर ठरतं.

भोंग्याचं युनिट (मागचा, आवाज काढणारा भाग) बहुधा १६ ओहमचं असतं; ओहम म्हणजे विजेला होणारा रोध मोजायचं एकक. दोन युनिटं समांतर जोडली की ८ ओहम, चार जोडली की ४. त्या त्या खुणेवर लावा. ८ ओहमच्या चार पेट्या समांतर जोडल्या तर २ ओहम होतात आणि मशीनवर २ ची खूणच नाही. तरीही कुणीतरी ४ वर लावतो. तासभर छान चालतं, मग मशीनचं मागचं अंग इस्त्रीसारखं तापतं आणि ऐन पूर्णाहुतीला ट्रान्झिस्टर जातात.

लांबवर न्यायचं असेल तर १०० व्होल्ट लाइन, म्हणजे मशीनच्या १०० व्होल्टच्या खुणेवरून निघणारी वायर, वापरा. तिच्यात प्रत्येक स्पीकरला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर (तो दाब स्पीकरला झेपेल इतका उतरवणारा) लागतो. बऱ्याच कॉलममध्ये तो आतच बसवलेला असतो, भोंग्याला वेगळा घ्यावा लागतो. मग ओहमचा हिशेबच उरत नाही, फक्त वॅट मोजायचे: २० वॅटचे चार कॉलम म्हणजे ८०, त्याला १०० वॅटचं मशीन. पाचवा भाग मोकळा ठेवावा, काठोकाठ भरू नये. फक्त एक चूक करू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेला साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या खुणेला लावला, तर तो मशीनकडे १२५० वॅट मागतो. फ्यूज गेला तर नशीब समजा. आणि एकाच मशीनवर थोडे स्पीकर ओहमच्या खुणेला, थोडे १०० व्होल्टला, असंही करू नका.

लाइन का हवी, ते आकड्यांत पाहा. १ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर १०० मीटर लांब टाकली, तर जाऊन-येऊन २०० मीटर होते आणि तिचा स्वतःचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास भरतो. पुढे ४ ओहमचा स्पीकर असेल तर मशीनच्या ताकदीपैकी जवळजवळ निम्मी वायर गरम करण्यातच जाते. तीच वायर १०० व्होल्ट लाइनवर १०० वॅटला वापरली तर तीन-साडेतीन टक्केच वाया जातात. लायटिंगची पातळ वायर मात्र दोन्हीकडे नको.

माइक शिट्टी का मारतो

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा शिरतो. इलाज बटणांत कमी आणि जागेत जास्त आहे. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांच्या बाजूला हवेत. माइकच्या पाठीमागे लावून तोंड माइककडे केलं की शिट्टी ठरलेली. बोलणाऱ्याचं तोंड माइकपासून एक वीत असेल तर ते चार बोटांवर आणा. अंतर निम्मं झालं की माइकला ६ डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे चौपट वॅटचं मशीन घेतल्याइतका फायदा फुकटात. न लागणारे माइक बंद करा. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. माइकची जाळी मुठीत धरायची सवय काही वक्त्यांना असते. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि लगेच ओरडतो. एवढं करूनही शिट्टी येत असेल तर ट्रेबल थोडा कमी करा.

कीर्तनात टाळकऱ्यांना वेगळा माइक देऊ नका, टाळ बुवांच्या माइकमध्ये तसेही पुरेसे येतात. पखवाजाला एकच माइक असेल तर शाईच्या बाजूला, सहा-आठ इंचांवर. दुसरा असेल तर कणिक लावलेल्या बाजूला. हार्मोनियमचा माइक भात्यापासून लांब ठेवा, नाहीतर सुरांबरोबर फुसफूसही ऐकू येईल.

खरखर, हम आणि वायरी

माइक खराब झाला म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांची केबलच तुटलेली असते, तीही पिनच्या लगेच मागे, जिथे ती वाकते. मशीनचा आवाज बारीक करून तिथे केबल हळूच हलवा. खरखर झाली की समजा. तेवढा तुकडा कापून नवी पिन लावून मिळते. स्वतः लावणार असाल तर: कॅनन (तीन काड्यांच्या गोल, एक्सएलआर) पिनमध्ये १ ला जाळी, २ ला एक वायर, ३ ला दुसरी. दुसऱ्या टोकाला साधी पी-३८ (जाड, पाव इंची जॅक) असेल तर २ ची वायर टोकाला, १ आणि ३ एकत्र करून बुडाला. दोन्ही टोकांना कॅनन आणि मशीनलाही तशीच जागा असेल, तर ३०-४० मीटर केबल बिनधास्त टाका. पी-३८ वर १० मीटरच्या पुढे गेलात की हम (विजेची सलग घूं) यायला लागतो. केबल कोपरावर गुंडाळू नका, आतल्या तारांना पीळ बसतो. मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा. लायटिंगच्या माळा आणि माइकची केबल एकाच बांबूवरून नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

लॅपटॉप लावल्यावरच हम येतो का? चार्जर काढून पाहा. गेला तर मध्ये लावायचा आयसोलेटर आमच्याकडे मिळतो. प्लगची तिसरी, जाड (अर्थिंगची) पिन मोडून हम घालवण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नका. ओल्या मंडपात लोखंडी स्टँडचा माइक ओठांना लागतो आणि अर्थिंग नसेल तर शॉक तिथेच बसतो, हे लक्षात असू द्या.

मांडवातली वीज

थ्री-फेजचा न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवर ३०० व्होल्टच्या वर दाब चढतो. दिवे एकदम लख्ख होतात आणि मशीन जातं. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने बोर्ड तपासा. २२० ते २४० असेल तर लावा. १८० च्या खाली किंवा २६० च्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. जनरेटर असेल तर तो सुरू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग मशीन चालू करा, आणि बंद करताना आधी मशीन. मिक्सर वापरत असाल तर चालू करताना मशीन सगळ्यात शेवटी, नाहीतर स्पीकरमध्ये 'धप्प' बसतं.

दिंडीत किंवा प्रचाराच्या गाडीवर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवताना लाल वायर धनावरच. उलटी लागली तर मशीन गेलं. १०० वॅटचं मशीन पूर्ण आवाजात १२-१५ अँपिअर ओढतं, साध्या बोलण्याला सरासरी ४-५. ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही असं धरलं तर सुमारे ६ तास. बॅटरी शक्यतो गाडीची वापरू नका. इंजिन चालू असलं की किणकिण येते, आणि बंद असलं की संध्याकाळी गाडी ढकलावी लागते.

भोंग्याचं युनिट

भोंगा बोलण्यासाठी असतो. त्यातून ढोल, डीजेची गाणी, बेस पूर्ण उघडून वाजवलं की पडदा हद्दीबाहेर हलतो आणि कॉइल घासते. आवाज फाटेपर्यंत बटण वळवलं तर कॉइल जळते. जळलेलं युनिट वॉरंटीत येत नाही, हे घेतानाच सांगून ठेवतो.

तपासायला ट्रान्सफॉर्मरपासून सोडवा आणि मल्टिमीटर लावा. १६ ओहमचं युनिट ११ ते १३ दाखवतं, ८ ओहमचा स्पीकर ६-७. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, 'टक' झालं पाहिजे. पडदा बदलता येतो, अख्खं युनिट टाकू नका. बदलताना चिकटपट्टी दुमडून चुंबकाच्या फटीतून फिरवा, लोखंडाचा कीस निघतो. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे करून आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर कॉइल तिरकी बसून घासते.

पावसाळ्याआधी भोंग्याचं तोंड किंचित खाली करा आणि आत डोकावून पाहा. कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं, त्यानेही आवाज दबतो. मशीनच्या चारी बाजूंना चार बोटं जागा ठेवा, वर जरीचं कापड घालू नका. गुलाल, भंडारा, धुपाची काजळी बटणांत शिरली की ती फिरवताना खरखरतात. उधळण असेल त्या दिवशी मशीन आतल्या खोलीत ठेवा.

परवानगी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्याहून १० पेक्षा जास्त वर (किंवा ७५ च्या वर, जे कमी असेल ते), आणि खाजगी जागेच्या हद्दीवर ५ पेक्षा जास्त वर जाता कामा नये. आता पाहा: एक चांगला भोंगा ३० वॅटवर, त्याच्या तोंडासमोर १०० मीटरवरही ८० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणून गावभर ऐकू जाणारे सहा भोंगे आम्ही सुचवत नाही. कमी वॅटवर, मंडपाच्या आत तोंड केलेले कॉलम सुचवतो.

दुरुस्तीला येताना नुसतं मशीन आणू नका. माइक, केबल, गेलेला फ्यूज आणि वायर कुठल्या खुणेला होती त्याचा फोटो, सगळं आणा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळली असेल तर तेही सांगा, आम्ही ओरडणार नाही. सप्ताहासाठी सामान हवं असेल तर आठ दिवस आधी कळवा, आदल्या संध्याकाळी आलात तर जे शिल्लक असेल ते मिळेल.